कॅमेऱ्याची सरासरी आणि आपले चेहरे

आमच्या घरात माझ्या आजीची दोनच छायाचित्रे आहेत. दोन्ही नागपूरच्या दीक्षाभूमीवरची, दोन्ही अशोक विजयादशमीची, आणि दोन्हींत तिच्या अंगावर पांढरेशुभ्र लुगडे. पहिले १९७९ सालचे. माझ्या वडिलांचे चुलते प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी क्लिक-थ्री नावाच्या साध्या कॅमेऱ्याने ते काढले. दुसरे १९९८ सालचे. आखातात नोकरीला गेलेल्या एका नातेवाइकाने आणलेल्या, आपोआप सगळे ठरवणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेले. पहिल्या छायाचित्रात आजीच्या कपाळावरचे गोंदण मोजता येते. दुसऱ्यात तिचे लुगडे मळकट राखाडी दिसते आणि पदराच्या आत, जेथे चेहरा असायला हवा, तेथे एक काळा डाग आहे.

आजी वारली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी आम्हांला तिचा मोठा फोटो हवा होता. म्हातारपणीचा, आम्हांला आठवते तशी आजी दाखवणारा. म्हणजे दुसराच. मी निगेटिव्ह घेऊन तालुक्याच्या एका स्टुडिओत गेलो. तेथल्या गृहस्थांनी ती उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "यात काही उरलेलं नाही. माणसाचा रंगच काळा असला की असंच येतं, त्याला मशीन तरी काय करणार?"

ते हे वाईट मनाने म्हणाले नाहीत. आम्हीही रागावलो नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला जे जे मिळाले नाही त्याचे कारण आपल्या अंगातच आहे हे ऐकण्याची सवय असल्यावर, छायाचित्रात चेहरा न उमटण्याचे कारणही आपल्या कातडीतच आहे हे पटायला वेळ लागत नाही. मला ते बरीच वर्षे पटले होते. पुढे महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो, जुन्या चळवळींची छायाचित्रे गोळा करू लागलो, आणि एक प्रश्न पाठ सोडीना. त्याच आजीचा, त्याच मैदानावर, तसल्याच उन्हात, स्वस्तातल्या डब्बा कॅमेऱ्याने चेहरा टिपला आणि महागड्या शहाण्या कॅमेऱ्याने तो गमावला. हे कसे?

उत्तर अगदी साधे आहे आणि कोणालाही समजण्यासारखे आहे. क्लिक-थ्री हा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आग्फाच्या नावाने बनवलेला कॅमेरा. १२० च्या रिळावर बारा चौकोनी फोटो. त्यात उजेड मोजणारे काहीच नव्हते. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी खूण, आणि मग खटका. समोर पांढरे लुगडे आहे की काळी कातळभिंत, याची त्याला खबरच नसे. आंधळा असल्यामुळे तो फसतही नसे. ऊन जेवढे तेवढा उजेड आत जायचा आणि ज्याचा जो रंग तो उमटायचा.

स्वयंचलित कॅमेरा मात्र पाहतो. समोरून परतून येणारा उजेड तो मोजतो आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे, छिद्र केवढे ठेवायचे हे स्वतः ठरवतो. पण ठरवण्यासाठी त्याच्याजवळ एक गृहीतक लागते. ते असे, की जगातले कोणतेही दृश्य एकत्र ढवळले तर मधला राखाडी रंग तयार होतो, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परतवणारा. समोर काहीही असो, यंत्र त्याला ओढून त्या राखाडीवर आणते. आता दीक्षाभूमीवरचा जनसमुदाय डोळ्यांसमोर आणा. १४ ऑक्टोबर १९५६ पासून त्या दिवशी आपली माणसे पांढरी वस्त्रे घालून येतात. धुतलेले पांढरे सुती कापड उजेडाचा फार मोठा भाग परतवते, त्या राखाडीच्या चौपटीने. यंत्राला वाटते, उजेड फारच झाला. ते छिद्र आवळते आणि गरजेच्या चौथाई उजेडच आत घेते. परिणामी शुभ्र वस्त्र मळके दिसते आणि त्या वस्त्रातला सावळा चेहरा अंधारात जातो. पुढे रंगीत फोटो छापणारी लॅबमधली यंत्रे आली, तीही याच सरासरीवर चालत. म्हणजे एक यंत्र आजीला काळोखात ढकलते आणि दुसरे यंत्र त्या काळोखावर शिक्का मारते.

उलट, सावळ्या माणसाचा चेहरा अगदी जवळून, चौकट भरून घ्या. आता यंत्राला वाटते उजेड कमी आहे. ते छिद्र मोकळे सोडते आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. दूर उभे राहिलात तर काळे, जवळ आलात तर राखाडी. यंत्राच्या मनात एकच रंग आहे, आणि तो आपला नाही.

हाताने चालवायच्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नसे. दोन रिळे वाया गेली की कळे. फिल्मच्या खोक्यावर सूर्य, ढग, सावली यांची चित्रे आणि त्यांपुढे आकडे छापलेले असत. भर उन्हात छिद्राचा आकडा १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाच्या आकड्याइतका, हा हिशेब जगभर चालला. मुद्दा असा, की हा हिशेब पडणाऱ्या उजेडाचा आहे. तो ज्याच्यावर पडतो त्या माणसाचा नाही. सूर्य सर्वांवर सारखाच पडतो. सावळा चेहरा नीट उमटवायचा तर छिद्र आणखी अर्धे घर उघडायचे, एवढाच काय तो अनुभवाचा भाग.

येथे मला मुद्दाम दक्षिण आफ्रिकेत जायचे आहे. हाताचा कॅमेरा आणि आपोआप चालणारा कॅमेरा हे दोन्ही एकाच देशात, एकाच जुलमाच्या दोन बाजूंना उभे राहिलेले तेथे दिसतात.

१९५२ च्या कायद्याने तेथल्या सोळा वर्षांवरील काळ्या माणसाला पासबुक सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले. पुढे ही सक्ती स्त्रियांपर्यंत नेली गेली. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया या पासविरुद्ध प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसारच ६९ माणसे मेली. पासबुकात फोटो असे. कोणी कोठे राहावे, कोठे राबावे, रात्री कोठे दिसू नये, हे त्या फोटोवरून ठरे. गावकुसाबाहेरच्या माणसाला वेगळी ओळख लागत नाही असे आपल्याकडच्या व्यवस्थेला वाटे. तेथल्या व्यवस्थेला मात्र छापील ओळख हवी होती.

पीटर मगुबाने हा तेथल्या 'ड्रम' मासिकात ड्रायव्हर म्हणून लागलेला काळा तरुण. पुढे तो त्याच मासिकाचा छायाचित्रकार झाला. झीरस्ट या गावी पास नाकारणाऱ्या स्त्रियांवर खटला चालू असताना छायाचित्रे घ्यायला बंदी होती. मगुबानेने पावाची लादी आतून पोखरली, तीत आपला लायका कॅमेरा बसवला आणि पाव खात असल्याचे भासवत फोटो घेतले. पाव संपला तेव्हा दुधाच्या खोक्यात कॅमेरा घातला.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला तिची कारागिरीची बाजू पाहायची आहे. पावात दडवलेल्या कॅमेऱ्याला डोळा लावता येत नाही. अंतर, छिद्र, वेग सगळे आधी ठरवून ठेवावे लागते. समोरचा माणूस आपल्यापासून किती फुटांवर आहे, भिंतीच्या सावलीत उजेड किती आहे, हे डोळ्यांनी मोजून हातात भिनलेले असावे लागते. त्या कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती, दिवा लागत नव्हता, मोटार गुरगुरत नव्हती. जो काही निर्णय होता तो त्या माणसाच्या डोक्यात होता, म्हणून तो लपवता आला. १९६९ मध्ये मगुबानेला अटक झाली आणि त्याने ५८६ दिवस एकांतकोठडीत काढले. पुढे पाच वर्षे त्याच्यावर बंदीहुकूम होता. छायाचित्रकाराला कॅमेऱ्यापासून तोडण्याइतके त्या सरकारला त्याच्या हाताचे भय होते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या पोलरॉइड कंपनीने ओळखपत्रांसाठी आयडी-टू नावाची यंत्रणा बनवली होती. माणसाला ठरलेल्या जागी बसवायचे, अंतर ठरलेले, फ्लॅश ठरलेला. खटका दाबला की काही मिनिटांत रंगीत फोटोसह ओळखपत्र तयार. चालवणाऱ्याला छायाचित्रणातले काहीही येण्याची गरज नाही. फ्लॅशचा उजेड वाढवण्यासाठी तीत एक वेगळे बटणही होते. १९७० मध्ये कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील कचेरीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर या काळ्या रसायनशास्त्रज्ञ तरुणीला आणि केन विल्यम्स या तिच्या सहकाऱ्याला दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा नमुना दिसला. आपल्या हातून तयार होणारी वस्तू कोणाच्या गळ्यात अडकते आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी पत्रके लावली, पोलरॉइड क्रांतिकारी कामगार चळवळ उभी केली आणि स्वतःच्याच कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. विल्यम्सने नोकरी सोडली. हंटरला काढून टाकण्यात आले. कंपनीने आधी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन आपण सरकारला माल विकणार नाही, काळ्या कामगारांचे पगार सुधारू असे सांगितले. १९७७ मध्ये उघडकीला आले, की तेथला वितरक गुपचूप सरकारला माल पुरवतच होता. तेव्हा कंपनीला तो देश सोडावा लागला. एका रसायनशाळेतल्या नोकरदार मुलीने एवढे केले. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच वर्षांतल्या हंटर आणि विल्यम्सचे नाव मात्र मी अजून एकाही उत्तरपत्रिकेत वाचलेले नाही.

कोणी म्हणेल, म्हणजे हाताचा कॅमेरा पुरोगामी आणि यंत्राचा प्रतिगामी, असेच ना? असा भाबडा निष्कर्ष मला काढायचा नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि त्यांखाली कोण प्रामाणिक, कोण गुन्हेगार अशा तऱ्हेची शेरेबाजी. ती सगळी छायाचित्रे हाताने घेतलेली होती, काचेच्या ओल्या पट्ट्यांवर, विलक्षण कष्टाने आणि कौशल्याने. कौशल्य होते म्हणून न्याय झाला असे नाही. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवून लग्नाच्या मुलींना गोरे करण्याची कला हाताचीच होती.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या मुद्द्याला उलट बाजूने भिडते. गुलामगिरीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त छायाचित्रे काढून घेतलेला अमेरिकन. त्याची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे आज ज्ञात आहेत. १८४९ मध्येच त्याने लिहून ठेवले होते, की गोऱ्या चित्रकाराच्या हातून काळ्या माणसाचे निःपक्षपाती चित्र होणे अशक्यप्राय आहे, कारण त्याच्या डोक्यात काळ्या माणसाचा साचा आधीच ठरलेला असतो. डग्लसला कॅमेरा हवा होता तो यंत्र म्हणून. हात खोटे बोलतो, यंत्र बोलणार नाही, असा त्याचा विश्वास. १८६१ मध्ये बोस्टनला त्याने छायाचित्रांवर व्याख्यानच दिले. ज्या अमेरिकन सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्या लढ्यातलाच हा अग्रणी. त्याने यंत्रावर ठेवलेला विश्वास त्याच्या काळात बरोबर होता. तेव्हाचे यंत्र नुसते भिंग आणि काच होते. त्यात कोणाचा साचा अजून शिरलेला नव्हता.

तो शिरला पुढे, टप्प्याटप्प्याने. १८८८ मध्ये कोडॅकने शंभर फोटोंचे रीळ भरलेला कॅमेरा पंचवीस डॉलरला विकला. रीळ संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. बटण तेवढे ग्राहकाचे, बाकी सारे कंपनीचे. १९३८ मध्ये उजेड स्वतः मोजून छिद्र ठरवणारा पहिला कॅमेरा आला. त्याची किंमत २२५ डॉलर, त्यामुळे तो फारसा खपला नाही. १९५९ च्या आग्फा ऑप्टिमापासून ही सोय मध्यमवर्गाच्या हाती आली. १९७७ मध्ये कोनिकाच्या कॅमेऱ्याने अंतरही स्वतः ठरवले. १९८३ च्या निकॉन एफए मध्ये दृश्याचे पाच तुकडे करून, आधीच साठवलेल्या नमुन्यांशी ताडून उजेड ठरवला जाऊ लागला. प्रत्येक पायरीवर घेणाऱ्याचा एकेक निर्णय यंत्रात गेला, आणि यंत्रातला निर्णय कोणी केला होता हे विचारण्याची सोय उरली नाही.

फिल्मचे तेच. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र पाठवी. त्या कार्डाला पहिल्या मॉडेलच्या नावावरून 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्लीची कातडी बरोबर दिसली की लॅबचे यंत्र बरोबर. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी या कार्डांचा इतिहास शोधला. त्यांच्या संशोधनातली एक गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले आधी हसतात आणि मग गप्प होतात. गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती काळ्या माणसांनी केली म्हणून नव्हे. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कारखानदारांना आपल्या मालाचे फोटो नीट येईनात, म्हणून.

आणि तरीही, माझ्या आखातातल्या त्या नातेवाइकाला मी दोष देऊ शकत नाही. छिद्र आणि शटर शिकायला त्याला गुरू कोठे होता? वाया घालवायला रिळे कोठे होती? ज्यांच्याकडे डार्करूम होती, परदेशी मासिके होती, छंद करायला रविवार होता, त्यांनी हाताच्या कॅमेऱ्याची थोरवी गावी. आपल्या वस्त्यांत कॅमेरा आला तो बटणाच्या रूपानेच आला. ते बटण नसते तर १९९८ साली आजीचा फोटो निघालाच नसता. चुलत आजोबांनाही क्लिक-थ्री परवडला तो साधा होता म्हणून. त्यांच्याजवळही काही मोठी विद्या नव्हती, दोन खुणा होत्या. साधेपणा आणि स्वयंचलन यांत फरक आहे, तो येथेच. साध्या यंत्राने त्यांना फारसे काही विचारले नाही, पण त्यांच्या वतीने काही ठरवलेही नाही.

आजच्या मोबाइलमधला कॅमेरा तर चेहरेच शोधतो. चेहरा म्हणजे काय हे त्याला ज्या लाखो चित्रांवरून शिकवले गेले, ती कोणाची? २००९ मध्ये एचपी कंपनीचा चेहऱ्यामागे वळणारा कॅमेरा एका काळ्या माणसामागे वळेना आणि त्याची गोरी सहकारी समोर येताच वळू लागला. ती चित्रफीत जगाने पाहिली. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन काळ्या संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत सर्वाधिक चूक ०.८ टक्के, गडद कांतीच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. शंभरांतल्या चौतीस जणींना यंत्राने पुरुष ठरवले. आता चेहऱ्यावरून हजेरी लागते, चेहऱ्यावरून ओळख पटते. स्टुडिओवाल्या गृहस्थांशी निदान भांडता तरी येत होते.

गेल्या वर्षी मी आमच्या महाविद्यालयातल्या बारा मुलामुलींना घेऊन विजयादशमीला नागपूरला गेलो. सगळ्यांच्या हातात मोबाइल. पहिल्या तासाभरात काढलेले फोटो आम्ही एका झाडाखाली बसून पाहिले. तेच: कपडे राखाडी, चेहरे हरवलेले. मग मी त्यांना पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरायला आणि शेजारी येणारी सूर्याची खूण वर सरकवायला शिकवले. एवढीच हाताची सोय त्या यंत्रात शिल्लक आहे. बहुतेकांना ती ठाऊक नव्हती. संध्याकाळी एका मुलीने मला यवतमाळकडून आलेल्या एका म्हातारीचा फोटो दाखवला. लुगडे इतके उजळले होते की त्याची घडीसुद्धा दिसेना, मागचे आकाश पुसून गेले होते. "सर, हा बिघडला ना?" तिने विचारले. त्या म्हातारीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. मी ते मोजले आणि फोटो परत तिच्या हातात दिला.